चिंचेच्या पाण्यात गेलेली कचेरी

नगर जिल्ह्यातल्या जुन्या महसुली लोकांपैकी कोणी म्हातारा अजूनही भेटला, तर हात धरून विचारतो, "ती दहा खिळ्यांची फळी तुमची ना?" पन्नास वर्षं मी "हो" म्हणत आलो. ती माझी नव्हती. आता वय झालं, विचारणारेही थोडे उरले, म्हणून जे जसं झालं तसं लिहून ठेवतो. मात्र आधीच सांगतो, ते दिवस इतके मजेचे होते की लिहिताना मला हसू येणार. ते आवरण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी एका तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. तालुका कोणता ते सांगत नाही. माझं वय बावीस. मिशी नुकतीच ठेवलेली. मी लागलो त्याच आठवड्यात तिथले दप्तरी निवृत्त झाले. दप्तरी म्हणजे रेकॉर्ड रूम सांभाळणारा माणूस. लाल कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला आम्ही रुमाल म्हणायचो, आणि असे रुमाल त्या खोलीत छतापर्यंत होते. कोणतं प्रकरण कुठल्या रुमालात आहे, रुमालात नसेल तर कोणत्या टेबलावर आहे, त्या टेबलाने ते आणखी कोणाला दिलं आहे, हे सगळं दप्तरींच्या डोक्यात. वहीत काही नाही. आम्ही त्यांना शाल दिली, नारळ दिला, भाषणं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जमाबंदीच्या टेबलाने एक प्रकरण मागितलं, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की काल आपण कचेरीची स्मरणशक्ती हार घालून घरी पाठवली आहे.

पुढचे पंधरा दिवस जो गोंधळ झाला तो मला सणासारखा वाटला. चार टेबलं होती, जमाबंदी, कुळकायदा, पुरवठा आणि फौजदारी. चौघांनाही तेच प्रकरण त्याच वेळी हवं असायचं. शिपाई शिडीवर चढायचे, धूळ खात उतरायचे, "तिथं न्हाई" म्हणायचे, आणि प्रकरण शेवटी मागणाऱ्याच्याच टेबलाखाली सापडायचं. अव्वल कारकून, ज्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत, त्यांनी एक दिवस मला बोलावलं.

"भाऊसाहेब, तुम्ही बीएस्सी ना?"

"हो अण्णासाहेब. गणित."

"मग घाला त्या खोलीत गणित. दसऱ्यानंतर नगरहून साहेब तपासणीला येणार आहेत."

सोबतीला मला एक शिपाई दिला. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. वय एकोणपन्नास, अंगाने काटक, सोनईकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबातले. लहानपणी नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचं काम टपालाचं. आठवड्यातले चार दिवस सायकलवरून गावोगाव नोटिसा पोचवायच्या. उजवा गुडघा कामातून गेला होता. चढ आला की ते उतरून सायकल ढकलत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपलं मन सांगितलं. "भाऊसाहेब, दप्तरीची जागा रिकामी झालीया. म्या हक्कदार हाय, पर एक मॅट्रिक झालेला बी मागं लागलाय. तपासणीला आलेलं सायेब ठरवनार. मला खुर्ची नको, स्टूल चालंल. पर त्या सायकलीवरनं मला उतरवा."

"उतरवतो मामा," मी म्हणालो. बाविसाव्या वर्षी माणूस काहीही कबूल करतो.

माझी पहिली योजना अशी. रॅककडे धावायचंच नाही. भिंतीवर एक फळी लावायची, तिच्यावर खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे बिल्ले. जे प्रकरण रॅकमधून बाहेर गेलं त्याचा नंबर आणि ते कोणत्या टेबलाकडे आहे हे एका बिल्ल्यावर लिहून टांगायचं. परत आलं की बिल्ला पुसून डब्यात. कोणी काही मागितलं की आधी फळी बघायची. शिडी शेवटी. दप्तरींच्या डोक्यात जे होतं ते भिंतीवर आणायचं, एवढंच.

शाळेने टाकून दिलेला जुना फळा मिळाला. तेलाचे रिकामे डबे कापून गावातल्या पत्र्याचं काम करणाऱ्याने तीनशे बिल्ले करून दिले, प्रत्येकाला भोक. लिहायला खडू, कारण रंगाने लिहिलं तर बिल्ला एकाच प्रकरणाचा होऊन बसतो. मी गावाला एक खिळा असा हिशेब धरला आणि दोन दिवस ठोकत बसलो. कचेरीत कोणी बोललेलं कोणाला ऐकू येईना.

"खिळ्यांचा कारखाना काढलाय का?" अण्णासाहेब दारातून ओरडले. "रावसाहेबांना वाटतंय कचेरीत ताबूत चाललेत." रावसाहेब म्हणजे आमचे तहसीलदार.

आठवड्यात माझं गणित उघडं पडलं. काही गावांचे खिळे वर्षानुवर्षं मोकळे राहतील असे, आणि दोन-तीन भांडकुदळ गावांच्या खिळ्यांवर बिल्ल्यांचे द्राक्षांसारखे घड. एक बिल्ला शोधायला साठ चाळायचे. साठावा काढताना पहिले एकोणसाठ पायावर पडायचे. खण्ण! सगळी कचेरी हसायची.

मामा खाली बसून बिल्ले गोळा करत होते. गोळा करता करताच म्हणाले, "भाऊसाहेब, गाव बगूच नका. शेवटचा आकडा बगा."

"कसला आकडा?"

"प्रकरनाचा नंबर हाय ना? त्यातला शेवटचा. आमच्या बोर्डिंगात दोनशे पोरं. धुण्याचे कपडे आधी आडनावानं लावायचे. आर्ध्या पोरांची आडनावं तीच ती. एका टोपलीत डोंगर आन् बाकीच्यात उंदीर. मग बाईंनी परत्येकाच्या कपड्यावर नंबर शिवला आन् धाच टोपल्या ठेवल्या. नंबराचा शेवटचा आकडा सात, तर सातची टोपली. एकशेसात, सत्तावीस, समदे सातमधी. टोपल्या येकसारख्या भरायच्या. आपला सदरा कदी हरवला न्हाई."

मी तसाच खाली बसलो. बीएस्सीला मला विसापूरच्या तलावाएवढं गणित शिकवलं होतं, पण हे नाही. प्रकरणांचे नंबर नोंदवहीत ओळीने पडतात. शेवटचा आकडा कोणाची बाजू घेत नाही. कोणतं गाव भांडकुदळ आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोनशे प्रकरणं बाहेर असतील तर प्रत्येक खिळ्यावर वीसच्या आसपास. दहा खिळे!

"मामा, बाकीचे शंभर खिळे?"

"उपटा," मामा म्हणाले, आणि आम्ही दोघं असे हसलो की पुरवठ्याच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं, "आत भांग आहे का?"

उपटताना ठोकण्यापेक्षा जास्त आवाज झाला.

एक गोष्ट माझी होती, तीही लिहितो, कारण नोंद दोन्ही बाजूंनी बरोबर पाहिजे. परत आलेलं प्रकरण लगेच रॅकवर चढवायचं नाही, दाराजवळच्या संत्र्याच्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवायचं. कारण ज्याने काल मागितलं तो आज पुन्हा मागतो. खोकं भरलं की तळातलं प्रकरण रॅकवर, कारण तळाला तेच जाणार ज्याला बरेच दिवस कोणी हात लावलेला नाही. निम्म्या मागण्या खोक्यातच भागू लागल्या. खोकं माझं. खिळे मामांचे.

मग आम्हाला वेडच लागलं. मी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घ्यायचो आणि ओरडायचो, "फौजदारी, आठशे त्रेचाळीस!" मामा तीनच्या खिळ्यावर झेप घ्यायचे, "कुळकायद्याकडं हाय!" पंधरा सेकंद. मग बारा. मग नऊ. टेबलावरचे कारकून काम सोडून पैज लावायचे, हरला त्याने चहा सांगायचा. रावसाहेबसुद्धा एकदा चष्मा वर करून म्हणाले, "एकशे सोळा?" मामांनी फळीकडे न बघता सांगितलं, "तुमच्याच टेबलावर हाय, सायेब. चहाची बशी त्याच्यावरच हाय." रावसाहेबांनी बशी उचलली.

त्या दिवसांत मामांचा गुडघा दुखतो हे मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. टपालाच्या फेऱ्या त्यांना होत्याच. फेरीवरून आले की ते आधी स्टुलावर बसून पाय लांब करायचे आणि मग विचारायचे, "सायेब कदी येनार?"

साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार असं पत्र आलं.

खंडेनवमीला कचेरीत पूजा असायची. शिक्के, दौती, टाईपरायटर, सगळं पुसून मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची. मामा त्या दिवशी नोटिसा घेऊन गावांना गेले होते. मी रेकॉर्ड रूममध्ये एकटा. मनात आलं, डब्यातले रिकामे बिल्ले तरी चकचकीत करू. बादलीत चिंच कोळली, राख घेतली, घासले. काय चमकले! आरशासारखे. मग ते फळीशेजारी धरून बघितले, तर टांगलेले बिल्ले त्यांच्यापुढे कळकट दिसायला लागले. साहेब बघणार ते टांगलेलेच. मी दहाही खिळ्यांवरचे बिल्ले ओंजळीओंजळीने काढले आणि बादलीत टाकले.

मी बीएस्सी होतो हे पुन्हा सांगतो.

पाणी आधी दुधाळ झालं. मग ताकासारखं. मी घासतच होतो, गाणं म्हणत. साधारण निम्मे झाल्यावर हातात एक बिल्ला राहिला, त्याच्यावर खडूने लिहिलेला अर्धा नऊ दिसत होता, आणि बघता बघता तो नऊही विरघळला. कोणतं प्रकरण कोणाकडे आहे ही सगळ्या कचेरीची आठवण त्या बादलीत पांढरी होऊन तरंगत होती. बाहेर घंटा वाजत होती आणि कोणीतरी मला प्रसादाला हाका मारत होतं.

मी कोणाला काही बोललो नाही. कोरे बिल्ले खिळ्यांवर वीस-वीस टांगून ठेवले, शोभेला. त्यांना हार घातला. दसऱ्याच्या सुट्टीत मी सोनं वाटत फिरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. साहेब डाक बंगल्यावर उतरले होते, साडेअकराला येणार होते. मामांनी फळी बघितली, एक बिल्ला उलटून बघितला, मग दुसरा.

"भाऊसाहेब, लई चमकत्यात."

"मामा, मी मेलो."

"चिच वापरली का?"

"चिंच आणि राख."

मामांना हसू फुटलं. खांदे हलवत, आवाज न करता हसले. मलाही हसू आलं, रडू येत होतं त्यातच. मग त्यांनी बादली उचलली, ते पांढरं पाणी बाहेर लिंबाच्या बुंध्यात ओतलं आणि परत येऊन रेकॉर्ड रूमचं अर्धं दार लावून त्याच्यावर कोपर टेकले.

"ऐका समदे!" मामा कचेरीला ओरडले. "आत्तापासनं कुनालाच नवं प्रकरन मिळनार न्हाई. आधी ज्याच्याकडं जे हाय ते त्यानं वरडून सांगायचं. जुनं समदं सांगून झालं की मग नवं मागायचं. भाऊसाहेब, खडू घ्या!"

त्यातली अक्कल मला तेव्हाही कळली आणि आताही कळते. ज्या वेळी आपल्याला काहीच आठवत नाही, त्या वेळी कोणाला काही नवीन दिलं तर गोंधळाला तळ राहत नाही. आपली आठवण गेली तरी लोकांच्या हातातले कागद कुठे जात नाहीत. त्यांनाच विचारायचं.

पुढचा तास म्हणजे मी पाहिलेली सगळ्यांत मोठी जत्रा.

"जमाबंदी! चारशे सतरा, पाचशे दोन, एकाहत्तर!"

"सावकाश, रेल्वे चाललीया का?"

"पुरवठा! सहाशे अडतीस!"

"ए, सहाशे अडतीस माझ्याकडे आहे!" कुळकायदा ओरडला.

"तुला मीच दिलं होतं गुरुवारी!"

"मग ओरडतोस कशाला?"

"परत कधी देतोस ते ऐकू यावं म्हणून!"

मी खडूने लिहीत होतो, मामा आकडा बघून बिल्ला भिरकावल्यासारखा टांगत होते. सात, दोन, एक, आठ. फळी भरत चालली. तेवढ्यात अण्णासाहेब घाम पुसत आले. साहेबांसाठी एक जुनं प्रकरण काढून तयार ठेवायचं होतं.

"मामा, दार उघडा."

"धा मिंटं, अण्णासाहेब."

"मी मागतोय."

"तुमी मागा न्हाईतर रावसाहेब मागू देत. दोन टेबलं ऱ्हायल्यात. मधीच काढलं तर परत समदं पयल्यापासनं."

साऱ्या कचेरीसमोर अव्वल कारकुनाला शिपायाने नाही म्हटलं. अण्णासाहेबांचे कान लाल झाले. आणि त्याच क्षणी, सांगितल्यापेक्षा पाऊण तास आधी, नगरचे साहेब कचेरीच्या दारात उभे राहिले.

"हा बाजार कसला भरलाय?"

फौजदारीच्या टेबलाचा शेवटचा आकडा तोंडातच राहिला. मामांनी तो अर्ध्या दारावरूनच हळूच विचारून घेतला, टांगला, आणि दार उघडलं. मग साहेब खोलीत आले. उंच माणूस. फळी बघितली. हातातल्या यादीतला एक नंबर वाचला. मामांनी खिळ्यावरचा बिल्ला बघितला, दाराशेजारच्या टेबलाकडे दोन पावलं टाकली, प्रकरण पुढे केलं. साहेबांनी दुसरा नंबर सांगितला. ते खोक्यात होतं. तिसरा. तो फळीवर नव्हता, खोक्यात नव्हता, म्हणून मामा सरळ शिडीवर चढले आणि रुमाल काढून आणला. उतरताना त्यांनी गुडघ्याला हात लावला.

साहेब हसले. "हे कोणी केलं?"

"मी, साहेब," मी म्हणालो.

तोंडातून तेच आलं. अजून आनंदाची ती लाट अंगात होती, आणि त्या लाटेत "आम्ही" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा मी घेतला नाही.

"शाबास. आणि मघाचा गोंधळ?"

अण्णासाहेब पुढे झाले. "शिपायाने पूजेसाठी बिल्ले धुतले, साहेब. वर मलाच दारात अडवलं."

सकाळी बादली ओतताना त्यांनी मामांना बघितलं असेल आणि त्यांना खरंच तसं वाटलं असेल. कचेरीत धुणं-पुसणं शिपाईच करतो. मामांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं लांबलचक नव्हतं. मला बोलायला पुरेल एवढंच होतं. मी खडूने भरलेले हात मागे घेतले आणि फळीकडे बघत राहिलो.

"काय रे?" साहेबांनी मामांना विचारलं.

"पानी म्या वतलं, सायेब," मामा म्हणाले. खरं तेवढंच ते बोलले.

साहेबांनी मला फळीबद्दल टिपण लिहायला सांगितलं. मी चार पानं लिहिली. त्यात बोर्डिंग नव्हतं, टोपल्या नव्हत्या, मामा नव्हते. टिपण दुसऱ्या तालुक्यांना गेलं, माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा आला. त्या दिवशी संध्याकाळी मी पेढे वाटले, आणि मला खरोखर आनंद झाला होता. खोटा नव्हे. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. महिन्याने तपासणीच्या मुद्द्यांना उत्तर गेलं. अण्णासाहेबांनी सांगितलं आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "संबंधित शिपायास निष्काळजीपणाबद्दल समज देण्यात आली आहे." दप्तरीची जागा मॅट्रिक झालेल्याला मिळाली. तो भला होता. मामांनीच त्याला दहा खिळे शिकवले.

मला ते पूर्वीसारखंच भाऊसाहेब म्हणत राहिले, थट्टा करत राहिले. दर दसऱ्याला विचारायचे, "यंदा चिच आनू का?" मी हसायचो. पुढे माझी बदली झाली, बढती झाली. मामांच्या निरोपसमारंभाला मला मुद्दाम बोलावलं होतं. भाषणात सगळं सांगायचं ठरवून गेलो आणि "निष्ठावान सेवक" म्हणून खाली बसलो.

गेल्या महिन्यात मी हे कागद घेऊन केडगावला गेलो. मामांची मुलगी तिथे राहते, शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिला वाचून दाखवलं. बादलीपाशी ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ओरडाओरडीच्या तासाला मला दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. "अगदी बाबाच," म्हणाली. पेढ्यांपाशी तिचं हसू थांबलं. निरोपसमारंभापर्यंत वाचून मी कागद खाली ठेवले.

"काका, पुढे?"

"एवढंच लिहिलंय."

"म्हणजे तुमचं लिहून झालं," ती म्हणाली. "बाबांचं राहिलं."

"मला ते माहीत नाही."

"मी सांगते. लिहा."

तिने सांगितलं ते असं. मामा त्यानंतर अकरा वर्षं टपालावर होते. दुष्काळाच्या वर्षी गावोगाव कामं निघाली आणि नोटिसांची पिशवी दुप्पट झाली. शेवगावच्या रस्त्यावर दोनदा पडले. दुसऱ्या वेळी गुडघ्यात पाणी झालं, नगरला नेऊन काढावं लागलं. ती आठवीत असताना संध्याकाळी मीठ घालून तापवलेल्या पाण्याने त्यांचा पाय शेकायची. "दप्तरी झालो असतो तर" असं ते घरात एकदाही म्हणाले नाहीत. तिला जागेचं आईकडून कळलं. फळीची गोष्ट मात्र ते पोरांना रंगवून सांगायचे, आणि त्या गोष्टीत बिल्ले कोणी धुतले याचं नाव ते घेत नसत. "एक भाऊसाहेब होते" म्हणायचे. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना सायकलवर बसता येत नव्हतं. तरी ते ती नेत. पिशवी हँडलला अडकवायची, सायकल हातात धरायची, आणि तिच्या आधाराने चालत गावोगाव जायचं.